भाषण उत्तरासकट वाच

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

ब्रिटनच्या मजूर पक्षाचे नेते अनायरिन बेव्हन यांना मुत्सद्दी म्हणावे की भांडखोर, हे ठरत नसल्यामुळे प्रबंध अडला आहे, असे तू लिहितेस. तो अडणारच, कारण लंडनच्या ट्रॅफल्गार चौकातल्या सभेची चित्रफीत आणि चार वेचे एवढ्यावर तू माणूस उभा करू पाहते आहेस. हॅन्सार्ड, म्हणजे ब्रिटिश संसदेतल्या चर्चेचा छापील अहवाल, उघड. भाषण पहिल्या शब्दापासून वाच आणि त्याला मिळालेले उत्तरही वाच.

२३ एप्रिल १९५१ चे त्यांचे मंत्रिपदाच्या राजीनाम्याचे निवेदन घे. त्यांच्याच सरकारचे अर्थमंत्री गेट्स्केल यांच्या अर्थसंकल्पाने कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क बसवले. त्यातून त्या वर्षी १ कोटी ३० लाख पौंड वाचणार होते, तर शस्त्रसज्जतेवर तीन वर्षांत ४७० कोटी पौंड खर्च व्हायचे होते. वेचे काढणारे कवळ्यांपाशीच थांबतात. बेव्हन यांचा खरा मुद्दा असा की, कच्चा माल आणि यंत्रेच अपुरी असल्यामुळे मंजूर झालेला पैसाही ठरल्या मुदतीत खर्च करता येणार नाही. सहकाऱ्यांवरचा राग मात्र त्या निवेदनात इतका उघडा पडला की स्वपक्षाच्या बाकांवरही ते फारसे कोणाला रुचले नाही. उत्तर डिसेंबरात आले, तेही पंतप्रधान झालेल्या चर्चिल यांच्या तोंडून: बेव्हन यांचे म्हणणे, योगायोगाने का होईना, बरोबर ठरले होते. एप्रिलचे पान वाचून अहवाल मिटणाऱ्याला हे कसे सापडणार?

सुएझ कालव्यावरून ब्रिटनने इजिप्तवर केलेल्या हल्ल्याबाबतही तेच. ४ नोव्हेंबर १९५६ च्या ट्रॅफल्गार चौकातल्या सभेत पंतप्रधान ईडन यांना मूर्ख ठरवणारे बेव्हन ५ डिसेंबरला सभागृहात आवाज न चढवता सरकारने सांगितलेली युद्धाची कारणे एकेक करून तपासतात आणि ती एकमेकांना कशी छेद देतात ते दाखवतात. चौकात समोर जमाव होता. इथे समोरच्या बाकावरून उलट प्रश्न येणार होता. म्हणून पुन्हा सांगतो, उत्तरासकट वाच.

मुदत जवळ आल्याचे कारण मला सांगू नकोस. एका प्रकाशकाने माझ्याकडे अशाच भाषणांचे संकलन मागितले होते, प्रत्येकी दोन पाने, प्रत्युत्तरे वगळून. मी नकार दिला. माझ्या नावावर पुस्तक नाही याची खंत वाटते, आणि मित्र मला हेकट म्हणतात ते काही अगदीच खोटे नाही. पण ते पुस्तक निघाले असते, तर आज तू त्यातलेच वेचे मला पाठवले असतेस.

सुरुवात ३० एप्रिल १९४६ पासून कर. राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या विधेयकाच्या दुसऱ्या वाचनावर तीन दिवस चर्चा झाली आणि हुजूर पक्षाने विरोधात मतदान केले. तिन्ही दिवस वाच. टिपणे पाठवशील तेव्हा बेव्हन यांचे म्हणणे आणि त्यावरचे उत्तर एकाच पानावर समोरासमोर लिही. दुसऱ्या कोणत्याही पद्धतीची टिपणे मी वाचणार नाही.

तुझा,
जुना शिक्षक