काळं वेजवुड घेण्याआधी
वेजवुडची काळी इंग्लिश मातीची भांडी पहिल्यांदाच घेताय, तर नुसत्या काळ्या रंगाला भुलू नका. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरची जुनी ‘इजिप्शियन ब्लॅक’ माती सुधारून तिथला कुंभार जोसाया वेजवुडने १७६८च्या सुमारास ही भांडी घडवली आणि त्यांना बेसाल्ट या लाव्ह्याच्या काळ्या खडकाचं नाव दिलं. आपल्या सह्याद्रीचा कातळ तोच! पण भांड्याचा काळेपणा लाव्ह्याचा नाही, मातीत मिसळलेल्या लोह आणि मँगनीजचा. म्हणून कुठे टवका उडालाय का ते आधी शोधा. आतही काळंच हवं. आत लाल माती दिसली तर वरचा काळा रंग म्हणजे निव्वळ झिलई, सरळ सोडून द्या. मग बुडाचा ठसा बघा. ‘वेजवुड अँड बेंटली’ (बेंटली हा त्याचा भागीदार) असेल तर काळ १७६९ ते १७८०; ‘इंग्लंड’ असेल तर बहुधा १८९१नंतरचं. ठसाच नसेल तरी लगेच नाकारू नका, तिथले इतर कुंभारही अशी सुरेख भांडी करत.