जुन्या पीसीवर लाइटरूम रडतंय, ग्राफिक कार्ड टाकू की नवीन मशीनच घेऊ?

तुम्ही लिहिलंय की २०१५ ला असेंबल केलेला पीसी आहे, आय-फाइव्ह चौथी जनरेशन, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क, लाइटरूममध्ये (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) लग्नाचे दोन हजार रॉ फोटो (कॅमेऱ्यातून येणाऱ्या मूळ, जड फायली) टाकले की मशीन मान टाकतं, आणि दुकानवाला म्हणतोय ग्राफिक कार्ड घ्या. कार्ड आत्ता घेऊ नका. डिट्टो हेच मशीन माझ्याकडे होतं, आय-फाइव्ह ४४६० प्रोसेसर आणि एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, आणि मी पण आधी कार्डच घेऊन बसलो. हौसेने लावलं, हळदीचा एक फोटो उघडला, तर तेच खाली "लोडिंग" आणि तोच धूसर चेहरा, काडीचा फरक नाही.

मग एका मित्राने सांगितलं की टास्क मॅनेजर (विंडोजमध्ये डिस्क, रॅम, प्रोसेसर किती वापरात आहे ते दाखवणारी खिडकी) बाजूला उघडून ठेव आणि फोटो पुढे पुढे ढकलत बस. तुम्ही पण आधी हेच करा, फुकट आहे. माझ्याकडे डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली, रॅम ९० च्या पुढे, आणि प्रोसेसर ३० टक्क्यांवर आरामात बसलेला. म्हणजे गाडी अडली होती डिस्कवर. ८ जीबी रॅम भरली की विंडोज उरलेलं सगळं हार्डडिस्कवर ठेवायला लागतं, त्याच डिस्कवरून लाइटरूमला कॅटलॉग (सगळ्या फोटोंची आणि एडिटची नोंदवही) पाहिजे, प्रिव्ह्यू पाहिजे, रॉ पाहिजे, आणि आत सुई एकच. वाण्याच्या दुकानात पोऱ्या एक आणि गिऱ्हाईकं दहा, तशी गत.

म्हणून पहिला पैसा एसएसडीवर (आत फिरणारी चकती नसलेली वेगवान डिस्क). दुकानात एनव्हीएमई (थेट बोर्डाच्या खाचेत बसणारी एसएसडी) गळ्यात मारतील, घेऊ नका, एच८१ च्या बोर्डांना शक्यतो ती खाचच नसते, साधी अडीच इंची साटा (जुन्या हार्डडिस्कसारखीच वायरने जोडतात ती) घ्या. कागदावर ती सेकंदाला ५००-५५० एमबी देते आणि जुनी डिस्क १००-१५०, पण खरी मजा त्या आकड्यात नाही, बारक्या बारक्या हजारो फायली शोधत फिरावं लागत नाही त्यात आहे. ५०० जीबीची पुरते. विंडोज, लाइटरूम, कॅटलॉग, प्रिव्ह्यू आणि चालू लग्नाचे रॉ एवढं त्यावर, डिलिव्हरी झालेलं सगळं जुन्या डिस्कवर. आणि ती डिस्क दहा वर्षांची झालीय हे विसरू नका, अजून एक कॉपी बाहेर कुठेतरी पाहिजेच, लग्न परत लागत नाही.

दुसरं रॅम. एच८१ ला स्लॉट दोनच आणि मर्यादा १६ जीबी, म्हणजे ४-४ च्या पट्ट्या असतील तर दोन्ही काढून ८-८ टाकायच्या. डीडीआर३ च लागते, डीडीआर४ ची खाच वेगळी असते, बसतच नाही. जुन्या बाजारातली चालेल, नवीन घेऊच नका, कारण ही रॅम पुढच्या मशीनमध्ये जाणार नाहीये. माझा हिशोबच तसा होता, जे उद्या नवीन मशीनमध्ये घेऊन जाता येईल त्यावर खर्च करायचा (एसएसडी, मॉनिटर) आणि जे इथेच मरणार आहे ते सेकंडहँड.

एक्स्पोर्ट लावल्यावर आधी पळतं आणि दहा मिनिटांनी रांगतं असं होत असेल तर प्रोसेसर तापतोय. माझा कॅबिनेट गॅलरीत नेऊन उघडला, पंख्याखालच्या जाळीत धुळीची अख्खी गोधडी, रंगाच्या ब्रशने झाडली, आणि पंखा काढला तर खालची पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी) पानाच्या डबीतल्या वाळलेल्या चुन्यासारखी, नखाने खपली निघाली. पुसून नवीन लावली, वाटाण्याएवढी बास होते.

सेटिंगमध्ये पण बरंच आहे. इम्पोर्ट करताना स्मार्ट प्रिव्ह्यू (रॉच्या छोट्या, हलक्या प्रती) बनवा आणि प्रेफरन्सेसच्या परफॉर्मन्समध्ये ओरिजिनलऐवजी तेच वापरायची टिक मारा, ते लांब बाजूने २५६० पिक्सेलचे असतात, कलर करायला मस्त पळतात, एक्स्पोर्ट मात्र मूळ रॉमधूनच होतो. तिथेच कॅमेरा रॉ कॅश (उघडलेल्या फोटोंचा डेटा तात्पुरता साठवायची जागा) ५ जीबी दिसेल, ती २० करा. आणि कार्ड रीडर मागच्या निळ्या यूएसबीत लावा, माझा पुढचा पोर्ट जुन्या स्पीडचा होता, ६४ जीबीचं कार्ड रिकामं व्हायला अर्धा तास, मागून तेच बारा-तेरा मिनिटांत.

आता ग्राफिक कार्ड. ते बिनकामाचं नाही, लाइटरूमचं एआय डीनॉइज (फोटोतले दाणे घालवणारं, २०२३ मध्ये आलं ते) सगळं कार्डावरच चालतं, माझ्या २ जीबीच्या कार्डावर एका फोटोला चहा पिऊन व्हायचा. पण त्याला लागणारं तगडं कार्ड घेतलं की सोबत एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) पण बदलावा लागतो, आणि मग दहा वर्षांच्या बोर्डावर एवढा पैसा घालायचा का, माझ्या मते नाही. त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला इंटेलची आठवी जनरेशन लागते, तुमची चौथी. जुगाड करून बसवणारे आहेत, पण ज्या मशीनवर गिऱ्हाइकाचं काम आहे त्यावर मी नाही करणार. रोज डीनॉइज लागत असेल तर सरळ नवीन मशीनसाठी पैसे साठवा, नसेल तर एसएसडी आणि रॅमवर अजून एक-दोन सीझन निघतील, माझे दोन निघाले.

आणि कॅबिनेट उघडणारच आहात तर बोर्डावरचा गोल २०३२ नंबरचा सेल पण बदलून टाका, माझा मेला होता, रोज सकाळी तारीख मागे जायची, लॉगिन होईना, आणि मी उगाच दोन दिवस नेटवाल्याशी भांडत बसलो.