वर्ग लहान बघ

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. योग शिकायला ऑफिसजवळच्या एसी हॉलमधली मोठी बॅच धरावी की घराजवळच्या जुन्या वाड्यातला आठ-दहा जणांचा वर्ग, असं विचारतेस. आणि जाता जाता दुसरं: गुरुपौर्णिमेला वर्गाच्या भिंतीवरच्या गुरूंच्या फोटोंना सगळे वाकतात, ‘मी ज्यांना कधी पाहिलंही नाही त्यांच्यापुढे का वाकू?’ दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे. पण आधी पहिला संपवते.

वर्ग लहान बघ. इतका लहान, की शिकवणाऱ्याला तुझी टाच दिसली पाहिजे. त्रिकोणासनात हात खाली नेण्याच्या नादात नवशिक्याचा पुढचा गुडघा आत वळतो, मागच्या पावलाची बाहेरची कड सुटते आणि गंमत म्हणजे ज्याचं हे होतं त्याला पत्ताच नसतो. शंभर जणांपुढे माइकवरून ‘गुडघा सरळ ठेवा’ म्हटलं, तर प्रत्येकाला वाटतं ते शेजारच्याला म्हणताहेत. लहान वर्गात शिक्षक चालत तुझ्या सतरंजीपाशी येतात.

आणखी एक गोष्ट मोठ्या बॅचमध्ये होत नाही. एखाद्याला मधे उभं करतात, बाकीचे भोवती जमतात आणि नुसतं बघतात. त्याचं ताडासन बघून तुला तुझं कळतं. साठीतल्या काकांचा खांदा का वर जात नाही, हे समजलं की तुझा सहज जातो यात तुझं कर्तृत्व फारसं नाही, हेही समजतं. चार दिवस गेली नाहीस तर कुणीतरी फोन करतं, हा वरचा फायदा.

आता फोटो. आपल्या पुण्यातल्या बऱ्याच वर्गांत एक फोटो बी. के. एस. अय्यंगारांचा असतो. मूळचे कर्नाटकातल्या बेल्लूरचे, लहानपणी सतत आजारी. 1937 साली गुरू कृष्णम्माचार्यांनी त्यांना पुण्याला शिकवायला पाठवलं तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. तुझ्या वर्गात ज्या लाकडी विटा, पट्टे, लोड, भिंतीतले दोर दिसतील, तो त्यांच्या निरीक्षणाचा वारसा. हात जमिनीला पोचत नसेल तर हाताखाली वीट द्या, माणसाला ओढू नका. एकेका शरीराकडे निरखून बघितल्याशिवाय हे सुचत नाही. म्हणून ती वीट हातात घेताना त्यांची आठवण ठेवलीस, तरी नमस्कार पोचला असं मी समजते.

कृष्णम्माचार्यांचे शिष्य शेजारी शेजारी ठेवून बघ. अय्यंगार एकेका आसनात थांबून बारकावे बघायला लावणारे, पट्टाभी जोइस श्वासाच्या तालावर एकातून दुसऱ्यात नेणारे, आणि मुलगा देशिकाचार समोरच्या माणसाप्रमाणे साधना बदलणारे. गुरू एक, रीती तीन. तेव्हा ‘आमच्याच पद्धतीत खरा योग’ असं कुणी सांगायला लागलं, की मान हलव आणि आपलं आसन चालू ठेव.

पण मला यातला सगळ्यात आवडता नमस्कार लोणावळ्याचा आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली तिथे कैवल्यधाम ही योगसंस्था सुरू केली. त्यांचे गुरू परमहंस माधवदास, नर्मदाकाठच्या मालसरचे. गुरूंकडून शिकलेल्या उड्डियान (श्वास सोडून पोट आत-वर ओढणं) आणि नौली (पोटाचे स्नायू पुढे काढून फिरवणं) या क्रिया स्वामीजींनी क्ष-किरणांखाली तपासल्या. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी उपकरण लावून मोजलं. बस्तीत, म्हणजे गुदद्वारातून पाणी घेऊन आतडं धुण्याच्या क्रियेत, पाणी वर कसं ओढलं जातं त्याचा उलगडा त्यातून झाला. त्या निर्वात स्थितीला त्यांनी नाव दिलं ‘माधवदास व्हॅक्यूम’. बघ हं, गुरूचं शिकवणं यंत्रावर तपासलं, आणि जे हाती आलं त्याला स्वतःचं नव्हे, गुरूचं नाव दिलं. श्रद्धा असली की शंका घ्यायची नाही असं कुणी तुला सांगितलं, तर हे ऐकव.

शंका विचारायला जागा आहे का, यावरूनच वर्ग पारख. गुडघ्याच्या आत टोचतंय म्हटल्यावर ‘सहन कर, सवय होईल’ असं उत्तर आलं, तर चपला घालून निघ. तिथे फोटो कितीही मोठ्या गुरूंचा असो. मांडीमागचा ताण वेगळा आणि सांध्यातली कळ वेगळी, हा फरक पहिल्या महिन्यात शिकवतात ते शिक्षक. तुला न विचारता हात लावणं आवडत नसेल तर तसं स्पष्ट सांग. चांगल्या शिक्षकाला त्याचा राग येत नाही.

फीवरून मात्र काही ठरवू नकोस. नागपुरात रामनगरला जनार्दनस्वामींचं योगाभ्यासी मंडळ विनामूल्य शिकवतं. स्वामी स्वतः घरोघर जाऊन फुकट शिकवायचे. तुझ्या वाड्यातल्या वर्गाची फी कमी आहे म्हणून तो कमअस्सल ठरत नाही.

गुरुपौर्णिमेला वाकायचं की नाही, ते तुझं तू ठरव. न वाकणाऱ्या विद्यार्थिनी माझ्याकडे आहेत आणि त्यांचा सराव उत्तम आहे. वर्गाच्या सुरुवातीला पतंजलींना वंदन करणारा श्लोक म्हणतील, ‘योगेन चित्तस्य’ हा. अर्थ विचारून घे, मग म्हणायचा की ऐकायचा ते बघ. पुढे कधी मैत्रिणीला काही शिकवलंस, तर ते कुणाकडून शिकलीस तेवढं सांगत जा.

सोमवारी जाशील तेव्हा जेवून तीन-चार तास झालेले असू देत. जुनं कमरेचं दुखणं वर्गात शिरायच्या आधीच शिक्षकांना सांग, पाळीच्या दिवसांत उलटी आसनं करायची नाहीत हेही लक्षात ठेव. मॅट विकत घ्यायची घाई नको, तिथे सतरंज्या असतात. महिनाभराने लिही, विशेषतः शवासनात झोप लागते का ते.

तुझी,
मावशी