तारण, मोक्ष आणि विसार

एका वाचकाने विचारले आहे की, 'इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोकांच्या (म्हणजे बायबल आणि वैयक्तिक विश्वास यांवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या) मोक्षाविषयीच्या श्रद्धा बदलत आहेत' या वाक्यात 'मोक्ष' हा शब्द चालेल की 'तारण'च हवा.

'तारण'च हवा. 'मोक्ष' हा मुच् म्हणजे सुटणे या धातूपासून आलेला शब्द जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याची कल्पना बरोबर घेऊन येतो. ज्या श्रद्धेत जन्म एकदाच होतो आणि शेवटी देहासह पुनरुत्थानाची आशा असते, तिच्यावर तो लादला की वाक्याचा अर्थच पालटतो. 'मुक्ती' हा सर्वांना चालणारा शब्द आहे, असे सांगणाऱ्या विद्वानांचेही मला पटत नाही. 1974 मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे झालेल्या करारात इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी समाजकार्य हे ख्रिस्ती कर्तव्यच असल्याचे मान्य केले आणि तेथेच राजकीय मुक्ती म्हणजे तारण नव्हे, असेही लिहिले. दोन्ही जागी 'मुक्ती' वापरणाऱ्याला हे वाक्य मराठीत कसे लिहिता येईल?

मला त्याहून अधिक खटकते ते 'तारण मिळवणे'. ते वारंवार ऐकू येते आणि प्रत्येक वेळी चुकीचे असते. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते, कर्मांनी नव्हे, हे बायबलच्या नव्या करारातील इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील विधान सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेपासून या परंपरेचा कणा आहे. म्हणून माणसाचे तारण 'होते', किंवा तो तारण 'पावतो'. ते 'मिळवतो' असे म्हटले की त्या धर्मसुधारणेचा प्रणेता मार्टिन लूथर याने ज्या मताशी झुंज दिली तेच मत आपण त्याच्या अनुयायांच्या तोंडी घालतो.

आता क्रियापदाच्या काळाकडे वळू, कारण बदल खरा तेथे दिसतो. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये 'सोझो' म्हणजे तारणे हे क्रियापद इफिसकरांस पत्रात पूर्ण झालेल्या कृतीचे रूप घेते, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आरंभी ते चालू वर्तमानात येते आणि रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात तारण अजून जवळ येत असलेली गोष्ट असते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन धर्मप्रचारक चार्ल्स फिनी श्रोत्यांना पुढच्या बाकावर बोलावून निर्णयाला उभे करत असे, विसाव्या शतकात तेथलेच प्रचारक बिली ग्रॅहॅम यांच्या सभांतून लोक व्यासपीठापाशी येत. अशा सभांमुळे भूतकाळाचे वर्चस्व झाले आणि 'तुमचे तारण झाले आहे का?' हा ओळखीचा प्रश्न ठरला. 1980 च्या दशकात अमेरिकेत मोठा वाद पेटला की, ख्रिस्ताला तारणारा मानणे पुरेसे आहे की प्रभू मानून आज्ञापालनही त्यातच येते. आज अनेक जण तारणाविषयी चालू वर्तमानकाळात बोलतात, आणि त्यात देह, समाज व सृष्टी यांचाही समावेश करतात. याला नवी टूम म्हणणाऱ्यांनी मूळ ग्रीक पाहावे: जे एकच वाक्य लूकच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात मराठीत 'तुझ्या विश्वासाने तुला तारले आहे' असे येते, तेच मार्कच्या पाचव्या अध्यायात 'बरे केले आहे' असे येते.

तारण कोणाचे होते, याविषयीही मते सरकली आहेत. प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेच्या 2007 च्या पाहणीत अमेरिकेतील इव्हँजेलिकल मंडळ्यांच्या 57 टक्के सदस्यांनी अनेक धर्म चिरंतन जीवनाकडे नेऊ शकतात, असे उत्तर दिले. ही मंडळ्यांची शिकवण नव्हे, सदस्यांचे मत आहे.

या साऱ्या वादाची किल्ली मात्र मला 'विसार' या शब्दात दिसते. नव्या करारातील पत्रे लिहिणारा प्रेषित पौल पवित्र आत्म्याला 'अर्राबोन' म्हणतो आणि मराठी बायबलात त्यासाठी 'विसार' आला आहे. तो ग्रीक शब्द मुळात सेमिटिक आहे. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या अडतिसाव्या अध्यायात यहूदा करडू पाठवीपर्यंत आपली मुद्रा, गोफ आणि काठी तामारेपाशी ठेवतो. त्या ठेवीला हिब्रूत 'एराव्होन' म्हणतात. ती परत घ्यायची वस्तू होती, म्हणजे आपल्या व्यवहारातले तारणच. ग्रीक व्यापारात हाच शब्द सौदा पक्का करण्यासाठी आगाऊ दिलेल्या रकमेसाठी रूढ झाला. ती परत मागायची नसते, किमतीत धरायची असते. आजच्या ग्रीकमध्ये त्याच शब्दाचा अर्थ साखरपुडा असा आहे! एका शब्दाने गहाणापासून वाङ्‌निश्चयापर्यंत मजल मारावी, याचा मला अपार आनंद वाटतो.

माझे मत असे की, तॄ म्हणजे पार होणे या धातूपासून आलेले 'तारण' मराठीत कर्जाच्या सुरक्षेसाठीही वापरले जाते, हा निव्वळ योगायोग मानून सोडू नये. बुडणाऱ्या माणसाला पार नेणे आणि बुडणाऱ्या रकमेपासून सावकाराला वाचवणे, ही एकाच धातूची दोन कामे आहेत. मत्तयच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत पाप हे 'ऋण' आहे, ख्रिस्ताचा प्राण ही 'खंडणी' आहे, आत्मा हा 'विसार' आहे. या शब्दांच्या पंक्तीत 'तारण' परके वाटत नाही. विसार व्यापारी वाटतो म्हणून तेथे 'हमी' लिहावे, असे सुचवणाऱ्यांना मूळ शब्दाचा अर्थच समजलेला नाही. हमी हे केवळ वचन असते. विसारात किमतीचा पहिला अंश हातात पडलेला असतो आणि उरलेला यायचा असतो, म्हणून 'झाले आहे' आणि 'होणार आहे' ही दोन्ही रूपे तेथे एकाच वेळी खरी ठरतात.