औषध कंपनीतलं मेडिकल अफेअर्स म्हणजे नेमकं काय काम? एमआरपेक्षा (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हपेक्षा) ते वेगळं कसं?

तुम्ही विचारलंय की मेडिकल अफेअर्सचा माणूस म्हणजे एमआरचाच मोठा साहेब का, आणि दिग्रसकडच्या खेड्यातून बी. फार्म. करणाऱ्याला तिथे जागा आहे का. मी फार्माकॉलॉजीत एमडी केलं आणि गेली काही वर्षं हेच काम करतोय. वर्धा ते गडचिरोली हा भाग माझ्याकडे आहे.

साहेब नाही. एमआरला विक्रीचं टार्गेट असतं, आम्हाला नसतं आणि नसावंच. काही ठिकाणी आमच्या लोकांनाही विक्रीला जुंपतात, ते मला साफ चूक वाटतं. एमआरने मंजूर माहितीपत्रकात छापलंय तेवढंच बोलायचं असतं. डॉक्टरांनी आपणहून त्यापलीकडचं काही विचारलं, तर तो प्रश्न आमच्याकडे येतो.

आर्वी तालुक्यातल्या एका डॉक्टरांनी मे महिन्यात आमच्या एमआरला विचारलं, "पेशंटकडे फ्रिज नाही. माठात ठेवलेलं इन्शुलिन चालेल का?" त्या मुलाने "हो, चालते" म्हणून वेळ मारून नेली नाही, प्रश्न लिहून पाठवला. मी गेलो तेव्हा एक आजी दवाखान्यातच बसल्या होत्या. पिशवीतून कुपी काढत म्हणाल्या, "फ्रिज कोठं आहे जी आमच्या घरी? टिनाखालच्या फळीवर ठेवतो मी." बाहेर पारा 46 अंशांवर होता. साखर आटोक्यात येत नाही म्हणून त्यांचा डोस दोनदा वाढवून झाला होता. कुपी हातात घेतली तर कोमट लागली.

छापील सूचना अशी की न उघडलेलं इन्शुलिन 2 ते 8 अंशांत ठेवा, आणि वापरात काढलेलं साधारण चार आठवडे, 25 किंवा 30 अंशांच्या आत. आमच्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा घरात पारा 30 अंशांखाली उतरत नाही. मग शोधाशोध केली. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही वैद्यकीय मदत संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांच्या संशोधकांनी केनियातल्या निर्वासित छावणीत तापमान मोजलं, तसाच चढउतार प्रयोगशाळेत उभा केला आणि 25 ते 37 अंशांत चार आठवडे इन्शुलिनची ताकद टिकते असं 2021 मध्ये दाखवलं. हे मी डॉक्टरांना लेखी कळवलं. पण 37 म्हणजे 46 नव्हे, हेही तितक्याच ठळकपणे लिहिलं. मातीचं भांडं बाहेरून ओलं राहिलं तर आत गारवा येतो, तेव्हा कुपी घट्ट झाकणाच्या डबीत घालून सावलीतल्या माठात ठेवणं टिनाखालच्या फळीपेक्षा कितीतरी बरं. पत्रात आमच्या ब्रँडची तारीफ एका शब्दाचीही नव्हती. निर्णय डॉक्टरांचा.

इथे अर्धंच काम झालं. औषधाचा गुण न येणं हीसुद्धा आमच्या दृष्टीने नोंद घ्यायची गोष्ट. आजींचं नाव न देता मी ती त्याच दिवशी कंपनीच्या औषध-सुरक्षा विभागाला कळवली. नवीन औषध मंजूर झाल्यावर कंपनीला पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी आणि पुढची दोन वर्षं दरवर्षी सुरक्षा अहवाल सरकारला द्यावा लागतो. तो अशाच नोंदींवर उभा असतो. त्यात खेड्यातल्या नोंदी फार कमी येतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. खरं तर नोंद कुणीही करू शकतं, रुग्णसुद्धा. 2010 पासून देशाचा औषध-सुरक्षा कार्यक्रम आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला आहे आणि 1800-180-3024 हा त्यांचा टोल फ्री नंबर आहे.

आणि तिसरं काम: तो माठाचा प्रश्न मी ऑफिसच्या बैठकीत नेला. रुग्णांसाठीच्या आमच्या पत्रकावर फ्रिजचंच चित्र होतं! फ्रिज नसलेल्या घराचा विचार ते काढताना कुणाच्या मनातच आला नव्हता.

आता तुमचं. मेडिकल अफेअर्समधल्या सल्लागाराच्या जागा बहुतेक एमबीबीएस, एमडीवाल्यांना मिळतात. डॉक्टरांशी शास्त्रीय चर्चा करणाऱ्या फील्डच्या कामाला सहसा फार्म. डी., एम. फार्म. किंवा पीएचडी लागते. बी. फार्म.वर औषध-सुरक्षा किंवा वैद्यकीय माहिती विभागात सुरुवात होऊ शकते. शोधनिबंध वाचायला आत्तापासून शिका: किती रुग्ण होते, कुठले होते, तुलना कशाशी केली. आणि सुट्टीत गावाकडे गेलात की मेडिकलवाल्या काकांकडे दुपारी दोन तास बसा. लाईन गेली की फ्रिजातल्या कुप्यांचं ते काय करतात, आणि गिऱ्हाईक ती कुपी घरी कशातून नेतं, ते बघून वहीत लिहून ठेवा.