उंची कमी, पण वाट ओली

प्रश्न : मे महिन्यात आम्ही उभयता स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेस येथे लेकीकडे जाणार आहोत. लॉख नेस सरोवराकाठच्या मेलफूरव्होनी या फारशी गर्दी नसलेल्या डोंगरावर जाण्याची इच्छा आहे. त्याची उंची ६९९ मीटर असल्याने, ‘देवगिरी चढणाऱ्यांना त्याचे काय एवढे,’ असे आमचे जावई म्हणतात. परवानगी लागते का आणि साठीतल्या माणसांना हा डोंगर झेपेल का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : परवानगी लागत नाही. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने तेथील खासगी मालकीच्या बहुतेक डोंगर-माळांवरूनही जबाबदारीने पायी फिरण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. वाटेतले फाटक जसे आढळले तसेच ठेवावे आणि कोकरांसह चरणाऱ्या मेंढ्यांना बुजवू नये.

झेपण्याबाबत मात्र जावईबापूंचे म्हणणे निम्मेच खरे आहे. देवगिरीवर पायाखाली दगडी पायऱ्या असतात. येथे वरच्या टप्प्यात पीट, म्हणजे हजारो वर्षे पुरते न कुजता साचत गेलेल्या शेवाळ-गवताचा काळा, पाण्याने तुडुंब थर लागतो. मृगाचा पाऊस झाल्यावर काळ्या रानात पाय कसा घोट्यापर्यंत रुततो आणि उपसताना चप्पल आतच कशी राहते, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. तसेच काहीसे तेथे होते, शिवाय बुटात थंडगार पाणी शिरते ते वेगळेच. डोंगराच्या गेलिक या तेथील जुन्या भाषेतील नावाचा अर्थही ‘थंड माळाचा गोल डोंगर’ असाच आहे.

वेळेचा अंदाज स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांच्या १८९२ च्या नियमावरून बांधता येतो : दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. जाऊन-येऊन सुमारे १० किलोमीटर आणि साधारण ५०० मीटर चढ धरला, तर तीन तासांच्या आत हिशेब बसतो; पण तो धडधाकट माणसाचा आणि कोरड्या वाटेचा. आपण पाच तास धरावेत.

माथ्यावर पायथ्यापेक्षा तीन-चार अंश कमी तापमान असते, त्यात वारा. सुती कपडे भिजले की अंग गारठते, म्हणून ते टाळावेत. गवतात गोचीड असतात. विजारीची टोके मोज्यांत खोचावीत.

लांब सोंडेवरून जाताना माथा आला असे उगीचच वाटत राहते. खरा माथा दगडांच्या रचलेल्या ढिगावरून ओळखावा. मात्र ढग सोंडेवर उतरले, तर माथ्याचा हट्ट न धरता आल्या पायवाटेनेच परतावे. मे महिन्यात तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे उतरताना घाई करण्याचे कारण नाही.