‘तुम्ही जा, आम्ही बसतो घरी’

मार्च उजाडला की पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच काळजी वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येते. "मुलाकडे जायचंय हो, पण ते फिरणं नको वाटतं." बोलणारे बहुतेक पासष्टीच्या पुढचे असतात आणि एवढं बोलूनही त्यांना अपराधी वाटत असतं. मुलगा रजा काढतो, डॉलर खर्चून न्यूयॉर्क-नायगारा दाखवतो, आणि आपण कुरकुर करायची? शेजारी सांगावं तर ‘सुख दुखतंय’ म्हणतील. मग ते माझ्याकडे येतात. त्यांची मुलंही मला व्हिडिओ कॉलवर भेटतात. त्यांचं म्हणणं असतं, "एवढं करतो, तरी आईबाबांचा चेहरा उतरलेलाच."

अशाच एका घराची ही गोष्ट. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका वीज मंडळातून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर. काकू शाळेत शिक्षिका होत्या. मुलगा निखिल, सून ऋता आणि सात वर्षांचा नातू न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतात. दोन वर्षांपूर्वी हे दोघं तिथे तीन महिने राहून आले. लिबर्टीचा पुतळा झाला, वॉशिंग्टन झालं, शेवटी नायगारा. परतताना हायवेवरच्या एका थांब्यावर सगळे खायला उतरले आणि काका गाडीतच बसून राहिले. निखिल भडकला, "बाबा, आवडत नव्हतं तर आधी सांगायचं ना!" काका म्हणाले, "यापुढे तुम्ही जा, आम्ही बसतो घरी." त्यानंतरचे दहा दिवस काका खिडकीशी बसले. पुण्याला आल्यावर फोन आधी आठवड्यावर गेले, मग पाच मिनिटांवर.

आता जूनची तिकिटं काढायची होती. "जावं की नाही, तुम्हीच सांगा," काकू म्हणाल्या.

असल्या प्रश्नाला मी हो किंवा नाही म्हणत नाही. कुटुंबाकडे एकत्र बघणाऱ्या पद्धतीत मी शिकले आणि त्याच पद्धतीवर माझा विश्वास आहे. व्हर्जिनिया सॅटिर या अमेरिकन समुपदेशक बाईंनी (१९१६–१९८८) एक प्रकारची माणसं फार नेमकी ओळखली होती. घरात ताण आला की ही माणसं स्वतःला पुसून टाकतात आणि समोरच्याला खूश ठेवतात. आपल्याकडे याला आपण समजूतदारपणा म्हणतो आणि वर कौतुकही करतो. मला मात्र असा समजूतदारपणा दिसला की काळजी वाटते.

पहिल्या बैठकीत मलाही वाटलं होतं की काकांना फिरण्याची आवड नसावी. दुसऱ्या बैठकीत मी म्हटलं, "काका, मला तो नायगाराचा दिवस तासातासाने सांगा. धबधब्याचं राहू दे, तुमचं सांगा."

"पाचला उठलो. साडेपाचला निघालो."

"चहा?"

"घेतला नाही."

"पाणी?"

काका गप्प. शेजारी काकू पर्सचा बंद बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या, पुन्हा गुंडाळायच्या. मी थांबले. अशा वेळी समुपदेशकाने काही बोलू नये, एवढं बावीस वर्षांत मला नक्की कळलंय.

"आदल्या रात्री आठनंतर पाणी प्यायलो नाही," काका शेवटी म्हणाले. "सकाळची ब्लडप्रेशरची गोळीही घेतली नाही. ती लघवीची असते. त्यात प्रोस्टेटचा त्रास. दर पाऊण तासाला जावं लागतं. सात तासांचा रस्ता, नातू झोपलेला, सून शेजारी. कितीदा गाडी थांबवायला सांगणार?"

काकू हळूच म्हणाल्या, "मला माहीत होतं. ह्यांनी शपथ घातली होती."

त्या दिवशी काका नायगाराच्या नौकेत उभे होते. अंगावर तो निळा पातळ रेनकोट, चारी बाजूंना पाणी, चेहऱ्यावर तुषार. आणि त्यांच्या घशाला सतरा तासांची कोरड होती. "जिभेवर दोन थेंब आले तेवढे," ते म्हणाले. मला ते वाक्य अजून आठवतं. ज्याला निखिल दोन वर्षं ‘बाबांचा नूर’ समजत होता, ती तहान होती, आणि चुकवलेली गोळी होती.

हे निखिलला मी सांगू शकले असते, पण तसं केलं नाही. बोलणं त्या घरातच व्हायला हवं होतं. एका रविवारी आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा आणि तिथे सकाळचे नऊ वाजले असताना आम्ही कॉल लावला. काकांनी स्वतः सांगितलं. अडखळत, टेबलाकडे बघत, पण पूर्ण सांगितलं.

निखिल बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, मला वाटलं होतं तुम्हाला माझ्याबरोबर यायचंच नव्हतं." आणि थोड्या वेळाने, "खरं सांगू? मी नायगारा पाचव्यांदा बघत होतो. घरी कुणीही आलं की जावंच लागतं. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, निदान एवढं तरी दाखवावं म्हणून." ऋताने सांगितलं की सोमवारी तिचं ऑफिसात महत्त्वाचं काम होतं, पण सासूसासरे काय म्हणतील म्हणून ती बोलली नाही. नातवाला तर घरी आजीशी पत्ते खेळायचे होते.

तेव्हा मी त्यांना एक जुनी हकिकत सांगितली. जेरी हार्वे या अमेरिकन प्राध्यापकाने ती १९७४ मध्ये लिहिली होती. टेक्सासमधलं एक कुटुंब भर उन्हाळ्यात घरी निवांत बसलं होतं. सासरे म्हणाले, अबिलीनला जेवायला जाऊ. एकेक जण हो म्हणत गेला. ५३ मैल धूळ खात, एसी नसलेल्या गाडीतून गेले, बेचव जेवले, तेवढंच अंतर परत आले. घरी आल्यावर कळलं की जायचं कुणालाच नव्हतं. सुचवणाऱ्यालासुद्धा! बाकीचे कंटाळले असतील असं वाटून त्यांनी विषय काढला होता.

काकू हसल्या आणि मान वळवून काकांकडे बघत राहिल्या. पलीकडे ऋताही हसत होती. त्या दोन वर्षांत चौघं एकत्र हसल्याची ती पहिलीच वेळ, असं निखिलने मला नंतर कळवलं.

हे वाचणाऱ्या आईबाबांना मला मनापासून सांगायचंय, की ‘तुम्ही जा, आम्ही बसतो घरी’ हे वाक्य तुम्हाला त्यागाचं वाटतं, पण मुलाच्या कानावर ते ‘तुझं काही नको’ असं पडतं. त्याऐवजी आपल्याबद्दल बोला. "मला दर तासाला थांबावं लागतं." "मला दोन किलोमीटर चालवतं, पाच नाही." वॉशिंग्टनला कॅपिटलपासून, म्हणजे तिथल्या संसद भवनापासून, लिंकन स्मारकापर्यंतच सरळ तीन किलोमीटरच्या वर अंतर आहे, मधली संग्रहालयं वेगळीच. तिथल्या स्मिथसोनियनच्या संग्रहालयांत व्हीलचेअर फुकट वापरायला मिळते, पण मागायला तोंड उघडावं लागतं. लिबर्टीच्या मुकुटापर्यंत चढायचं तर चौथऱ्यापासून १६२ पायऱ्या आहेत. खाली बाकावर बसून बोटी बघणं म्हणजे सहल बुडवणं नाही. आणि गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका, पाणी तोडू नका. निघण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा की लांबच्या प्रवासाच्या दिवशी गोळी कोणत्या वेळी घ्यायची. त्या प्रश्नात लाजण्यासारखं काहीच नाही.

मुलांनो, तुमची रजा मोजून मिळते, हे मला ठाऊक आहे. ती सगळी आईबाबांवर खर्च करता, त्यामागची माया मला दिसते. पण त्या मायेत बरेचदा कर्ज फेडण्याची घाई असते, आणि फेडणारा माणूस समोरच्याला काय हवंय ते विचारत नाही. पहिला आठवडा कुठेही नेऊ नका. उन्हाळ्यातसुद्धा साडेनऊ तासांचा फरक असतो, शरीराला तो पचायला वेळ द्या. आईला वेगळं विचारा, बाबांना वेगळं. दोघांना एकत्र विचारलंत तर एकाचंच उत्तर मिळेल. एका मोठ्या दिवसानंतर एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा. आणि ‘कुठे जायचं’ याच्या आधी ‘तुम्हाला काय बघावंसं वाटतं’ हे विचारा.

मी काकांना तेच विचारलं होतं. ते म्हणाले, "मेन्लो पार्क."

थॉमस एडिसनने १८७६ मध्ये तिथे प्रयोगशाळा उभारली आणि १८७९ मध्ये तिथेच विजेचा दिवा तयार केला. मेन्लो पार्क ज्या गावात आहे, त्या पूर्वीच्या रॅरिटनला १९५४ मध्ये एडिसनचं नाव मिळालं ते त्यामुळेच. मूळ प्रयोगशाळा आता तिथे नाही, पण त्या जागी एक मनोरा आहे, त्याच्या माथ्यावर काचेचा अवाढव्य दिवा, आणि शेजारी छोटं संग्रहालय. निखिलच्या घरापासून गाडीने दहा मिनिटं. वीज मंडळात सारी नोकरी केलेला माणूस तीन महिने तिथून हाकेच्या अंतरावर राहून परत आला होता. निखिलला ते ठिकाण ‘दाखवण्यासारखं’ वाटलं नव्हतं. काकांनीही विषय काढला नव्हता.

जूनमध्ये दोघं गेले. निघण्याआधी काकांनी मला एक कागद दाखवला होता. एसटीच्या वेळापत्रकासारखे रकाने आखलेले, आणि लांबच्या एकुलत्या एका सहलीत दर तासापुढे ‘थांबा’ लिहिलेलं. तो त्यांनी आधीच निखिलला पाठवला होता.

सप्टेंबरात परत आल्यावर काकू एकट्याच भेटायला आल्या. मनोरा बघून झाला अर्ध्या तासात, त्या सांगत होत्या. मग बाप-लेक तिथेच बाहेर बसले. निखिलने विचारलं, "बाबा, तुम्ही वेल्ह्याला होतात तेव्हा तिथे वीज होती का?" आणि काका सुरू झाले. एका वाडीत पावसाळ्याआधी खांब कसे चढवले, बैल कसे अडले, पहिला दिवा लागला तेव्हा एक म्हातारी फुंकर मारून तो विझवायला कशी गेली. निखिलने यातलं काही म्हणजे काही ऐकलेलं नव्हतं.

"तासभर झाला," काकू म्हणाल्या. "मला ऊन लागत होतं. पूर्वी असते तर तशीच बसले असते. या वेळी म्हटलं, मला ऊन लागतंय."

"मग?"

"निखिलने डिकीतून घडीची खुर्ची काढली, झाडाखाली मांडली. हे बोलतच होते."